सांगायचं नाही म्हणून सांगितलंच नाही

 मैत्रिणींनो, आम्ही अक्कलकोट तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. दुपारची वेळ आहे. कुणी तुरी निवडत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसला असाल, कुणी नुकतंच रानातून येऊन चहा टाकला असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही एका अज्जींची गोष्ट सांगणार आहोत. आणि शेवटी तुमच्याकडं एक मागणंही मागणार आहोत.

तुम्हाला माहीत आहे, आमचा गट कडक भाकरी करतो. ज्वारीची पातळ भाकरी, पापडासारखी कडक. शेंगाचटणीबरोबर खायची. मागच्या वर्षी एक मोठी ऑर्डर आली. आम्ही आठ जणी सकाळपासून थापत होतो, तरी काम सरत नव्हतं. शेजारच्या अज्जी उंबऱ्याशी येऊन बसल्या. वय नव्वदीच्या पुढचं. घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी. बराच वेळ त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढ्याला आठ जणी लागतात व्हय गं? आम्ही तिघी जावा एका रात्रीत एवढ्या करत होतो. आणि दिवा बारीक करून.”

आम्ही विचारलं, “कुणाचं लगीन होतं, अज्जी?”

“लगीन नव्हतं.”

“मग कुणासाठी?”

“ते सांगायचं नसतं,” असं म्हणून अज्जी उठल्या आणि काठी टेकत घरी गेल्या.

त्या रात्री आम्हाला काही ते डोक्यातून जाईना. दिवा बारीक करून भाकरी कशाला करायच्या? आणि एवढ्या वर्षांनंतरही सांगायचं नाही म्हणजे काय असेल? दुसऱ्या दिवशी अज्जींच्या सुनेला विचारलं. सून स्वतः सत्तरीची. ती म्हणाली, “मला तरी कुठं माहीत आहे? सासूबाईंनी कधी काही सांगितलं नाही.” पन्नास वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, तरी सुनेला माहीत नाही.

मग आम्ही थोडी माहिती काढली. शाळेतल्या गुरुजींना विचारलं, तालुक्याच्या वाचनालयात जाऊन पुस्तकं चाळली. तेव्हा गोष्ट उलगडली. ती आपल्याच गावांची गोष्ट आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. अक्कलकोट हे तेव्हा भोसल्यांचं संस्थान होतं. ते १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. पण आपल्या शिवेपलीकडं, तिकडं आळंद, गुलबर्गा, इकडं नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा, हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाचा होता. निजाम भारतात यायला तयार नव्हता. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या हाताखाली रझाकारांची फौज उभी राहिली आणि गावोगावी दहशत बसली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. तिकडं राहणं कठीण झालं, तेव्हा कार्यकर्ते शीव ओलांडून इकडं आले आणि सरहद्दीवर त्यांनी छावण्या उभ्या केल्या. बार्शी तालुक्यात गौडगावला होती. आणि आपल्या तालुक्यात दुधनीला होती, वागदरीला होती.

होय, आपली दुधनी. जिथं आपण तूर विकायला नेतो. आपली वागदरी. आम्ही किती वेळा एसटीनं तिथून गेलो असू, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

या छावण्यांतली पोरं रात्री पलीकडं जायची. करोडगिरीचे नाके, पोलीस चौक्या यांच्यावर छापे घालायची आणि उजाडायच्या आत परत यायची. आता विचार करा. रात्री अंधारात परमुलखात जायचं, तर आधी काय माहीत पाहिजे? नाक्यावर माणसं किती आहेत, बंदुका किती आहेत, पहारा कधी बदलतो, ओढ्याला पाणी किती आहे, कुठल्या वस्तीवरची कुत्री भुंकतात. ही माहिती कोण आणणार? अनोळखी गडी दिसला की पकडला जायचा. मग ती आणायची कुणी?

अज्जींचं सासर अलीकडं आणि माहेर पलीकडं. आपल्या सरहद्दीवर असंच असतं, मुली दिल्या-घेतल्या जातात. सोळा वर्षांची पोर, कडेवर लेकरू, डोक्यावर बुट्टी, माहेरी चालली आहे. तिला नाक्यावर कोण अडवणार?

हे आम्हाला लगेच कळलं नाही. अज्जींकडं आम्ही दोन महिने जात होतो. कधी भाजी निवडायला, कधी नुसतं बसायला. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, “शपथ घातली होती थोरल्या दिरांनी. बाहेर बोललीस तर पोरं मरतील म्हणाले. म्हणून बोलले नाही. मग ते संपलं. पण आता बोल असं कुणी सांगितलंच नाही.”

मैत्रिणींनो, आम्हाला काय बोलावं ते सुचेना. गुपित राखायला सांगणारा दीर जाऊन चाळीस वर्षं झाली. निजाम गेला, रझाकार गेले. पण अज्जींच्या तोंडावरचं कुलूप काढायला कुणी आलंच नाही. कारण तिथं कुलूप आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

अज्जींनी मग तीन बैठकांत सांगितलं. त्या जाताना नाक्यावरची माणसं मोजायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पदराला गाठी मारायच्या. बंदुकवाल्याची मोठी गाठ, बिनबंदुकवाल्याची लहान. घरी आल्यावर दीर गाठी सोडवून मोजायचे. भाकरी छावणीसाठी असायच्या. कडक असल्या म्हणजे आठ-आठ दिवस टिकतात, चूल न पेटवता खाता येतात, धूर दिसत नाही. एकदा लेकरू आजारी होतं, अंगात ताप, तरी जावं लागलं. नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, तापलेल्या लेकराला घेऊन कुठं निघालीस? अज्जी म्हणाल्या, “मी रडले. ते रडणं खरं होतं. त्यानं जा म्हटलं. पण परत येताना मी त्याला पण मोजलं.” हे सांगून अज्जी खूप वेळ गप्प बसल्या. त्या नाक्यावर पुढं छापा पडला का, त्या शिपायाचं काय झालं, हे त्यांना कधीच कळलं नाही. ते ओझं त्यांनी इतकी वर्षं एकटीनं वाहिलं.

सैन्यात याला हेरखातं म्हणतात. त्याचे अधिकारी असतात, पदकं असतात. आमच्या अज्जींनी केलं ते यापेक्षा वेगळं काय होतं?

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून निघालं आणि त्याच दिवशी त्यांनी नळदुर्ग घेतला. जनरल जयंतनाथ चौधरी त्या मोहिमेचे प्रमुख होते. १७ सप्टेंबरला निजामानं हार मानली. पाच दिवसांत काम झालं, असं पुस्तकात असतं. पण त्या पाच दिवसांच्या आधी वर्षभर सरहद्दीवर काय चाललं होतं, ते बहुतेक माणसांच्या डोक्यातच राहिलं.

आणि इथं आपल्या तालुक्याची एक अडचण आहे. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, झेंडावंदन होतं. पलीकडं कलबुर्गीलाही होतं. पण अक्कलकोट निजामाच्या राज्यात नव्हतं, मग आपल्याकडं त्या दिवशी काही नाही. सोलापूर जिल्ह्याचा इतिहास सांगताना १९३० चा मार्शल लॉ सांगतात, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची नावं सांगतात. सांगायलाच पाहिजेत. पण दुधनी-वागदरीची आठवण ना इकडच्या वहीत, ना तिकडच्या. मराठी पुस्तकात थोडी, कानडी पुस्तकात थोडी, मधल्या शिवेवर पडून राहिलेली.

त्यातून बाईची आठवण तर आणखीच मागं. स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्राच्या पेन्शनला तुरुंगाचा दाखला लागायचा, पुरुषाला सहा महिन्यांचा, बाईला तीन महिन्यांचा. जो भूमिगत होता त्याला वॉरंटसारखा सरकारी कागद लागायचा. आता सांगा, जी बाई पकडलीच गेली नाही, तिनं दाखला कुठून आणायचा? ती हुशारीनं सुटली हाच तिचा तोटा झाला. भाकरीचा दाखला कोण देतो? पदराच्या गाठीवर शिक्का कोण मारतो?

अक्कलकोटच्या राजवाड्यात शस्त्रागार आहे. तुम्ही पाहिलं असेल. तलवारी, भाले, बंदुका सगळं मांडून ठेवलं आहे. लांबून लोक पाहायला येतात. अज्जींची बुट्टी मात्र कधीच मोडून चुलीत गेली. राहिला आहे तो फक्त त्यांचा आवाज. तोही किती दिवस?

हे आम्ही उगीच म्हणत नाही. आमच्या हातून दोन चुका झाल्या, त्या तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाहीत.

पहिली चूक. अज्जींची पहिली बैठक आमच्यातल्या एकीच्या फोनवर रेकॉर्ड केली होती. चाळीस मिनिटं. त्यात लेकराच्या तापाची गोष्ट अज्जी पहिल्यांदा बोलल्या होत्या. घरी पोराला अभ्यासाचे व्हिडिओ घ्यायला फोनमध्ये जागा हवी होती. त्यानं मोठ्या मोठ्या फाइली पुसून टाकल्या. त्यात ती गेली. पोराची काय चूक? आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. आम्ही पुन्हा अज्जींकडं गेलो. त्यांनी पुन्हा सांगितलं, पण पहिल्यांदा सांगताना आवाज जसा कापला होता तसा आता कापला नाही. ते परत मिळत नाही.

दुसरी चूक यापेक्षा मोठी. शेजारच्या गावात एक निवृत्त फौजी होते. १९७१ च्या लढाईत होते, एवढंच सगळ्यांना माहीत. त्यांनी निरोप पाठवला होता, “माझं पण लिहून घ्या.” आम्ही म्हटलं, सुगी होऊ द्या, ज्वारी घरात येऊ द्या, मग निवांत येतो. सुगी झाली. आम्ही गेलो ते त्यांच्या दहाव्याला.

त्यांची बायको दारात बसली होती. आम्हाला पाहून म्हणाली, “तुमची वाट बघत होते. वही पण आणून ठेवली होती.” वही कोरी होती.

१९७१ ला जो वीस वर्षांचा होता, तो आज सत्तरीच्या पुढं गेला आहे. आपल्या भागातून किती पोरं फौजेत गेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली, काही पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. तुम्हाला एक सांगतो. ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशात टांगाइल इथं विमानांतून सैनिक उतरले. पुंगली नावाच्या पुलाचा ताबा घ्यायचा होता, म्हणजे ढाक्याकडं माघार घेणारं पाकिस्तानी सैन्य अडेल. ती पलटण होती दुसरी पॅरा, जिची मुळं मराठा रेजिमेंटमध्ये आहेत. उडी घेण्याआधी आपला एक अधिकारी गुपचूप शत्रूच्या मुलखात जाऊन जागा पाहून आला होता, आणि तिथल्या गावकऱ्यांनी मदत केली होती. म्हणजे तिथंही असंच झालं असणार बघा. कुणाच्या तरी घरात भाकरी नाही तर भात शिजला असेल, कुणीतरी रस्ता दाखवला असेल. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला लढाई संपली.

नव्वदीतल्या बाईचं ऐकून काय होतं, असं कुणाला वाटत असेल, तर हौसाताई पाटलांचं बघा. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक. साताऱ्याच्या प्रतिसरकारात, तूफान सेनेबरोबर त्यांनी काम केलं. पोलीस ठाण्यातल्या बंदुका काढायच्या होत्या, तेव्हा ठाण्यासमोर हौसाताईंना मारहाण होत असल्याचं नाटक केलं. पोलीस सोडवायला धावले, तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका नेल्या. ही गोष्ट त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर पत्रकार पी. साईनाथ यांच्या लोकांना सांगितली आणि ती चित्रित झाली. २०२१ मध्ये हौसाताई गेल्या. पण आजही त्यांना स्वतःच्या तोंडून सांगताना ऐकता येतं. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांशी लढल्या, निरोप आणि हत्यारं पोचवली. त्यांचं नाव राहिलं, कारण कुणीतरी विचारलं आणि लिहिलं.

आणि हे फक्त आपल्याकडंच नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क नावाच्या ठिकाणी जर्मनांचे गुप्त संदेश उलगडायचं काम चालायचं. शेवटी शेवटी तिथं नऊ-दहा हजार माणसं होती आणि चारातल्या तीन बाया. सगळ्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केलेली. १९७४ साली एका पुस्तकातून ते काम जगासमोर आलं. तोवर जवळजवळ तीस वर्षं त्या बायांनी आई-बापाला, नवऱ्याला सांगितलं नाही. कित्येकींचे आई-बाप लेकीनं काय केलं हे न कळताच गेले. नंतर तिथं संग्रहालय झालं आणि त्या म्हाताऱ्या बायांना शोधून शोधून त्यांचं बोलणं टिपून घेतलं. तिकडच्या आज्या आणि आमच्या अज्जी, भाषा वेगळी, कुलूप एकच.

आता जरा अवघड गोष्टीकडं येतो. ती टाळून चालणार नाही.

अज्जींचं टिपल्यावर आम्ही एका मुस्लिम दादींकडं गेलो. त्या सुरुवातीला बोलेनात. म्हणाल्या, “तुम्हाला रझाकाराचं पाहिजे ना? आम्ही रझाकार नव्हतो. आम्ही पण पळालो होतो.” लढाई संपल्यावर पलीकडच्या मुलखात साध्या मुसलमान कुटुंबांवरही हात उचलला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणी करायला पाठवलं होतं. समितीनं मेलेल्यांचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणारे हिंदूही समितीला भेटले. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. दादींना तेव्हा एका तेल्याच्या घरात ज्वारीच्या कणगीमागं लपवलं होतं. त्या घरातली बाई रोज त्यांच्या केसाला तेल लावायची, हे दादींना अजून आठवतं.

आम्ही ठरवलं, दोन्ही ठेवायचं. अज्जींचं पण, दादींचं पण. एकीचं ठेवून दुसरीचं टाकलं तर ती आठवण राहत नाही, भांडणाचं निमित्त होतं. रझाकारांनी केलं ते खरं आणि नंतर झालं ते पण खरं. आपण टिपायचं, निवाडा करायचा नाही.

तर आता मागणं सांगतो. येत्या महिन्यात प्रत्येक गटानं एका तरी म्हाताऱ्या माणसाचं बोलणं टिपावं. मोठं काम नाही. आम्ही चुका करत करत शिकलो ते असं आहे.

पहिलं, आधी नुसतं जाऊन बसा. फोन दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काढा. रेकॉर्ड करू का, असं विचारा. झाल्यावर त्यांना ऐकवा आणि पुन्हा विचारा, हे ठेवू का, नाव घालू का. नको म्हणाले तर नको.

दुसरं, सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि कोण कोण बसलं आहे ते बोला. फोन विमानाच्या खुणेवर टाका, म्हणजे मध्ये कॉल येत नाही. पंखा बंद करा. कोंबड्या ओरडल्या तर ओरडू द्या.

तिसरं, “लढाईचं सांगा” असं विचारू नका, माणूस गोंधळतो. “तेव्हा घरात काय शिजायचं?”, “अंगावर लुगडं कुठलं होतं?”, “परत आलात तेव्हा दारात कोण होतं?” असं विचारा. एका भाकरीतून केवढं निघालं ते तुम्ही ऐकलंच. आणि गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा. घाईनं दुसरा प्रश्न टाकू नका. पुष्कळदा खरी गोष्ट त्या गप्प बसण्यानंतरच येते.

चौथं, ज्या भाषेत बोलतील त्याच भाषेत ठेवा. आमच्या अज्जी लेकराच्या तापाचं सांगताना कानडीत गेल्या. आम्ही ते कानडीतच ठेवलं, मराठी अर्थ खाली लिहिला. जात्यावरची ओवी आठवली तर तीही घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या. बायांनी कागदावर नाही लिहिलं, जात्यावर लिहिलं.

पाचवं, साल चुकलं, नाव चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करू नका. आपल्या वहीत वेगळं लिहा. ते परीक्षेला बसलेले नाहीत.

सहावं, फौजेत किंवा गुप्तचर खात्यात होते त्यांच्याबाबत जपून. सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा अजून चालू आहे आणि गुप्तचर खात्यातून निवृत्त झालेल्यांना खात्याविषयी परवानगीशिवाय छापता येत नाही. म्हणून कामगिरी, ठिकाणं, हत्यारं, सोबत्यांची नावं हे विचारू नका. थंडी विचारा, जेवण विचारा, घरून आलेलं पत्र विचारा, मित्र गेला त्या रात्रीचं विचारा. आणि त्यांच्या बायकोला विसरू नका. तिनं तेव्हा घर कसं चालवलं, तार आली की छातीत कसं व्हायचं, हे गुपित नाही आणि तेही लढाईचंच आहे.

सातवं, तीन ठिकाणी ठेवा. एक गटाकडं पेनड्राइव्हवर, एक शाळेत किंवा वाचनालयात, एक त्या घरच्यांना. घरातल्या पोरांना सांगून ठेवा, हे पुसायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र पुढं ढकलू नका. तिथं गेलं की कोण कुठं कापून लावेल सांगता येत नाही.

माजी सैनिक कुठं कुठं आहेत हे कळत नसेल तर सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि टिपलेलं आपल्या रेडिओवर घेऊन या. संमती असेल तर इथं ऐकवू.

त्या फौजींच्या घरी आम्ही परत गेलो होतो. कोरी वही त्यांच्या बायकोनं जपून ठेवली होती. आम्ही म्हटलं, “काकू, तुम्ही सांगा.” ती म्हणाली, “मला काय माहीत? ते काही सांगत नव्हते.” आम्ही विचारलं, “ते लढाईवर गेले तेव्हा तुम्ही कुठं होता?” ती म्हणाली, “माहेरी. थोरला पोटात होता.” आणि मग ती दीड तास बोलली. वहीची अकरा पानं भरली.

आमच्या अज्जी अजून आहेत. आता कमी ऐकू येतं. परवा त्यांना त्यांचंच रेकॉर्डिंग कानाशी धरून ऐकवलं. बराच वेळ ऐकलं आणि सुनेकडं बघून म्हणाल्या, “हे सगळं मी सांगितलं होय? मग आता तुला माहीत आहे.” सून म्हणाली, “हो अव्वा, आता मला माहीत आहे.”

तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत असं कुणीतरी नक्की बसलेलं असेल. सुगी होण्याची वाट बघू नका. आजच संध्याकाळी जाऊन बसा.

येतो आम्ही. नमस्कार.